दोन दिवसांची मुंबई आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी

ओरल्स संपल्या आहेत आणि पीएल सुरू व्हायला दोन-चार दिवस अवकाश आहे, अशी एक सुंदर वेळ प्रत्येक सेमिस्टरमध्ये येते. त्या वेळी हॉस्टेलवर अभ्यास सोडून बाकी सगळ्या विषयांवर गंभीर चर्चा चालते. मेसमध्ये आमटीत भात कालवता कालवता कुणीतरी पिल्लू सोडतं, "मुंबईला जायचं का रे दोन दिवस?" बस्स! "जायचं की!" म्हणणारे बाराजण लगेच तयार. रात्री टेरेसवर मीटिंग होते. तिकीट काढायच्या वेळी सातजण उरतात आणि गाडी सुटताना स्टेशनवर पाच. बाकीच्या सातजणांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. "गळाले," एवढंच आपण म्हणतो आणि गाडीत पत्ते काढतो.

मला या गळालेल्या सातजणांबद्दल लिहायचं आहे. चार वर्षं हॉस्टेलवर काढल्यावर माझं ठाम मत झालंय की सहलीतून माणसं गळत नाहीत, आपण ती गाळतो. कुणी पैशांमुळे गळतं, कुणी परवानगीमुळे, तर कुणी "रात्री राहणार कुठे?" या आईच्या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे. या तिन्हींचं मूळ एकच, ते म्हणजे आपण काहीही न ठरवता निघतो. आणि वर त्याला 'एंजॉय' म्हणतो!

मी सिव्हिलची, त्यामुळे आमच्या भाषेत सांगते. कुठलंही स्ट्रक्चर डिझाइन करताना आपण सरासरी लोड धरत नाही. जास्तीत जास्त लोड किती येईल ते बघतो, सगळ्यात कच्चा मेंबर कुठला ते बघतो आणि त्यावर फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो. लिफ्टच्या दोराला तर हा फॅक्टर दहा किंवा त्याहूनही जास्त ठेवतात, कारण दोर तुटला तर "सॉरी" म्हणायला पुन्हा संधी नसते. मग सहल ठरवताना मात्र आपण ग्रुपमधल्या सगळ्यात बिनधास्त आणि सगळ्यात पैसेवाल्या माणसाला धरून का ठरवतो? सहल ठरवायची ती ज्याचा खिसा सगळ्यात हलका आहे, जो पहिल्यांदाच मुंबई बघणार आहे आणि जिच्या घरी रात्री नऊला फोन गेलाच पाहिजे, त्यांना धरून. ते आरामात फिरले तर बाकीचे फिरणारच आहेत.

गेल्या डिसेंबरात आम्ही आठजणांनी (पाच मुली, तीन मुलगे) असं करून बघितलं. आठातला एकही गळाला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी खिसा

आपल्याकडे पैशांविषयी बोलायला फार संकोच वाटतो. ज्याच्याकडे पैसे नसतात तो "माझी असाइनमेंट राहिलीये" असं सांगतो. आपणही ते खरं मानतो, कारण खरं मानणं सोयीचं असतं. यावर आम्ही एक साधा उपाय केला. आठजणांनी आठ चिठ्ठ्यांवर नाव न घालता 'मी जास्तीत जास्त इतके देऊ शकेन' एवढा आकडा लिहिला. सगळ्यात लहान आकडा निघाला तीन हजार. झालं, तोच बजेट! कुणाचा आकडा ते आजही मला माहीत नाही आणि विचारायचीही गरज पडली नाही.

त्या तीन हजारांची फोड अशी केली : जाण्यायेण्याला सातशे, एका रात्रीच्या मुक्कामाला सातशे, दोन दिवसांच्या खाण्याला सहाशे, बोट-लोकल-तिकिटं वगैरेंना पाचशे. झाले अडीच हजार. वरचे पाचशे ज्याचे त्याच्याकडे, हात न लावता. हाच आमचा फॅक्टर ऑफ सेफ्टी. गाडी चुकली, पोट बिघडलं, चप्पल तुटली तर असावेत म्हणून.

आणि कॉन्ट्रीबद्दल एक सूचना. हॉटेलात बिल आलं की "भागिले आठ" करायची आपली पद्धत आहे. ती वरवर समान वाटते, पण कोळंबी खाणाऱ्याच्या बिलाचा भार मिसळ खाणाऱ्याने उचलायचा, ही समानता नव्हे. प्रवास आणि खोली भागिले आठ, खाणं ज्याचं त्याने. एकाला खजिनदार करा, वहीत लिहा, आणि परत येताना गाडीतच हिशेब मिटवा. हॉस्टेलवरची निम्मी भांडणं 'त्या वेळचे माझे दीडशे राहिलेत' यावरून होतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

कुठल्या वारी निघायचं?

आपण सगळे शनिवारी रात्री निघतो, म्हणजे रविवार-सोमवार हातात. मुंबईसाठी हे दोन्ही वार गैरसोयीचे. रविवारी रेल्वे रुळांच्या देखभालीसाठी मेगाब्लॉक घेते. सकाळी दहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत कुठल्या ना कुठल्या मार्गावर लोकल कमी असतात किंवा वळवलेल्या असतात. आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद! म्हणजे रविवार प्लॅटफॉर्मवर आणि सोमवार गेटवेवर फोटो काढण्यात जातो.

आम्ही गुरुवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो. ही गाडी रात्रभर झोपवते आणि सकाळी थेट सीएसएमटीला उतरवते. शुक्रवार-शनिवार मुंबई, शनिवारी रात्री परतीची महालक्ष्मी, रविवारी सकाळी हॉस्टेलच्या अंघोळीच्या रांगेत. लेक्चर बुडालं ते दीड दिवसाचं. (हे वाचणाऱ्या सरांनी कृपया फक्त 'ओरल्स संपल्या होत्या' हे वाक्य आठवावं.)

रिझर्व्हेशन १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे अॅकॅडमिक कॅलेंडर लागलं की तारीख धरून ठेवता येते. तारीख धरताना मुंबईचंही कॅलेंडर बघावं. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला लाखो लोक येतात. गणपतीत लालबाग-परळकडे पाय ठेवायला जागा नसते. ३१ डिसेंबरला लॉजचे दर आभाळाला. तिकीट मिळालंच नाही तर एसटी आहेच, आणि मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. आमच्या बजेटमध्ये मुलींची बाजू एवढ्या एका ठिकाणी तरी वरचढ आहे!

राहायचं कुठे?

इथे बहुतेक सहली मोडतात. मुलांचा ठरलेला डायलॉग असतो, "राहायचं काय, स्टेशनवर पडू." पडाल हो, पण मग मुलींनी काय करायचं? आणि रात्रभर बॅग उशाशी धरून जागलेला मुलगा दुसऱ्या दिवशी मुंबई बघतो की जांभया देतो?

दुसरा पर्याय म्हणजे नातेवाईक. मुंबईला ज्याचा काका नाही असा माणूस आपल्या जिल्ह्यात सापडायचा नाही. पण काका बहुतेक डोंबिवलीला असतात. सीएसएमटीपासून जवळजवळ ५० किलोमीटर, फास्ट लोकलने तासाच्या वर. आणि त्यांची वन रूम किचन. तिथे दोघांनी जायला हरकत नाही. जायच्या आधी फोन करावा, घरचा गूळ न्यावा, रात्री अकराला दार वाजवू नये आणि सकाळी काकूंना पाणी भरायला मदत करावी. आठजणांनी मात्र काकांवर धाड घालू नये. काका "या या" म्हणतील, कारण ते आपल्याकडचे आहेत. त्यांच्या चांगुलपणाची परीक्षा कशाला घ्यायची?

तिसरा पर्याय रेल्वेचा. ज्यांचं रिझर्व्हेशन कन्फर्म आहे त्यांना पीएनआर नंबरवर रेल्वेच्या रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरीतली कॉट ऑनलाइन मिळू शकते. लवकर भरतात, पण मिळाली तर त्यासारखं सोयीचं काही नाही. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून आणि सीएसएमटीला २०२२ पासून 'पॉड' पद्धतीची छोटी छोटी झोपायची खणंही आहेत. कुलाब्याला वायएमसीए, वायडब्ल्यूसीए आहेत, तिथे दर थोडे जास्त, पण वातावरण शिस्तीचं.

चौथा पर्याय लॉज. लॉज घेताना आम्ही जे प्रश्न फोनवर विचारले ते इथे देते, कापून भिंतीवर चिकटवा :

- एकूण किती पडतील, टॅक्स धरून?
- चेक-आउट २४ तासांनी की दुपारी बाराला? सकाळी आठला आलो तर खोली मिळेल का?
- ग्रुपमध्ये मुलं-मुली आहेत, खोल्या वेगळ्या पण एकाच मजल्यावर मिळतील का?
- खोलीला आतून कडी आहे का, बाथरूम खोलीतच आहे का?
- स्टेशनपासून चालत किती मिनिटं, आणि रात्री दहानंतर त्या रस्त्यावर दुकानं उघडी असतात का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दोनशे रुपये वाचवून अंधाऱ्या गल्लीतला लॉज घ्यायचा आणि रोज रात्री टॅक्सीला दीडशे द्यायचे, यात वाचलं काय? एका लॉजवाल्याने तिसऱ्या प्रश्नावर आम्हाला अर्धा तास उपदेश केला आणि वर दर वाढवून सांगितला. आम्ही "बरं, थँक्यू" म्हणून फोन ठेवला. तिथे जाऊन बॅगा घेऊन उभं राहून हे ऐकण्यापेक्षा हॉस्टेलच्या कॉटवर बसून ऐकलेलं बरं!

आणखी एक. इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर फोन करून कुणी "आधी सगळे पैसे क्यूआरवर टाका" म्हणालं तर टाकू नका. लॉजच्या नावाने खोटे नंबर टाकून लुबाडणारे आहेत. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, जितका लवकर तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. लॉजवर ओळखपत्र द्यावंच लागतं, पण आधारचे सगळे आकडे झाकून शेवटचे चारच दिसतील अशी प्रत यूआयडीएआयच्या साइटवरून काढता येते, ती चालते का विचारावं. आणि खोलीत गेल्यावर टीव्ही लावायच्या आधी जिना कुठे आहे ते बघावं. आग लागली तर लिफ्ट वापरत नाहीत, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पण जिना कुठे हे कुणी बघत नाही.

बघायचं किती?

आपल्या सहलींना 'बावीस पॉइंट' नावाचा रोग आहे. जुहू, सिद्धिविनायक, हाजीअली, राणीची बाग, अमुक स्टारचा बंगला... सगळं 'कव्हर' करायचं. शेवटी आठवतं काय, तर टॅक्सीची खिडकी. माझं मत असं की दोन दिवसांत मुंबईचा एकच तुकडा बघावा, पण पायी बघावा. आपण इंजिनिअर आहोत, आपल्याला तर प्रत्येक इमारतीपुढे थांबायला कारण आहे!

पहिला दिवस सीएसएमटीपासूनच सुरू करा. गाडीतून उतरून बाहेर पळू नका, रस्ता ओलांडून मागे वळून बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचं हे डिझाइन. १८७८ ला काम सुरू झालं आणि दहाएक वर्षं चाललं. त्याचा घुमट सेंटरिंगशिवाय उभारला होता. सेंटरिंगशिवाय! आमच्या वर्गातले चौघे तिथे दहा मिनिटं नुसते वर बघत उभे होते. २००४ पासून ही इमारत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पूर्वी इथे जवळच बोरीबंदर होतं, जिथून १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यापर्यंतची देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली.

तिथून चालत हुतात्मा चौक, मग विद्यापीठाचा राजाबाई टॉवर (१८७८, उंची सुमारे २८० फूट). ओव्हल मैदानावर मधोमध उभं राहिलं की एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारती दिसतात. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये वारसा दर्जा मिळाला. पुढे काळा घोडा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (कॉलेजचं आयडी दाखवा, विद्यार्थ्यांना सवलत आहे) आणि मग गेटवे. हा सगळा रस्ता दोन-अडीच किलोमीटरचा, खर्च शून्य. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसा, हवं तितकं बसा. पण खाली त्या सिमेंटच्या टेट्रापॉडवर फोटोसाठी उतरू नका. ते लाटा फोडायला आहेत, माणसं धरायला नाहीत. शेवाळानं निसरडे असतात आणि मध्ये पाय अडकला की भरती वाट बघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची बोट पकडून घारापुरी. जाताना तासभर, लेण्यांना दोन-अडीच तास, परत तासभर. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद असतात, हे लक्षात ठेवा. दुपारनंतर मेट्रो-३ ने एक चक्कर मारा. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. वर गॉथिक इमारतींचा पाया आणि खाली बोगदा, हे कसं जमवलं असेल याचा विचार करत प्रवास केला तर तिकिटाचे पैसे वसूल!

खायचं काय?

मेसचं खाऊन जिभेची चव गेलेल्या माणसाला मुंबईत उपाशी राहायची वेळ येत नाही. सीएसएमटीसमोर 'आराम'चा वडापाव. वडापाव मुळात दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी सुरू केला, असं सांगतात. धोबीतलावला 'कयानी' हे १९०४ चं इराणी हॉटेल, तिथे ब्रुन मस्का आणि चहा. आपल्या कटाच्या मिसळीपुढे मुंबईची मिसळ गोडसर लागते, त्यावरून तिथल्या वेटरशी वाद घालू नका, त्यांची त्यांच्यापाशी. दादरला 'प्रकाश'चा साबुदाणा वडा आणि पियुष. माटुंग्याला 'राम आश्रय'मध्ये इडली-डोसा आणि फिल्टर कॉफी. वाट बघावी लागते पण बिल बघून आनंद होतो.

नियम दोनच. जिथे गर्दी आहे आणि पदार्थ डोळ्यांसमोर तळला जातोय तिथे खा. कापून ठेवलेली फळं आणि बर्फाचे गोळे टाळा. पाण्याची बाटली हॉस्टेलवरून भरून न्या आणि पॅक बाटलीचं सील बघून घ्या. सहलीचा दुसरा दिवस बहुतेकदा पहिल्या दिवशीच्या पाण्यावर ठरतो.

आणि मुलगे वाचत असले तरी लिहिते : मुली सहलीत पाणीच पीत नाहीत. का, तर पुढे स्वच्छतागृह कुठे मिळेल याची खात्री नसते. मुंबईत २०११ पासून याच प्रश्नावर 'राइट टू पी' नावाची चळवळ चालली, म्हणजे हा आमचा नाजूकपणा नाही, शहराचा प्रश्न आहे. आम्ही नकाशावर संग्रहालय, मोठी स्टेशनं, हॉटेलं अशी ठिकाणं आधीच खुणा करून ठेवली आणि दर दोन-अडीच तासांनी तिथे थांबा ठेवला. मुलग्यांनी सुरुवातीला हसून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी तेच विचारत होते, "पुढचा हॉल्ट कुठाय?"

सेफ्टी कुणाची?

आता मूळ मुद्दा. सहलीचं नाव काढलं की सेफ्टीची चर्चा मुलींपाशी सुरू होते आणि मुलींपाशीच संपते. पण मुंबईत आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या पोरांना खरा धोका कशाचा आहे, ते बघा.

९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, किमान चारजण गेले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, डझनाहून अधिक माणसं गेली. त्यानंतर बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. यातला कुठला धोका मुलगी बघून येतो? उलट लोकलच्या दारात हँडल धरून वारा खात उभं राहायची हौस कुणाला असते? आमच्या तिघांनाही होती! आम्ही गाडीत चढायच्या आधीच ठरवून टाकलं होतं, की दारात उभं राहील त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. एकदाच पाजावा लागला.

बाकीचे नियम थोडक्यात. सकाळी आठ ते अकरा सीएसएमटी-चर्चगेटकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी पाच ते नऊ तिथून सुटणाऱ्या लोकल टाळा. तिकीट काढाच, नाहीतर दंडात एका दिवसाचं जेवण जातं. दोघा-दोघांच्या जोड्या करा, आणि चढताना चुकामूक झाली तर चढलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं. मागे-पुढे शोधत फिरायचं नाही. सॅक पोटाशी घ्या. बोटीत लाइफ जॅकेट घाला, कितीही मळकं असलं तरी. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, काळी-पिवळी टॅक्सी मीटरनेच घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅक्सीचं सुरुवातीचं भाडं ३१ रुपये झालं, म्हणजे "दोनशे होतील" म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करता येतो. मदतीसाठी ११२, रेल्वेत १३९ आणि रेल्वे पोलिसांसाठी १५१२. हे नंबर फोनमध्ये नको, कागदावर लिहून खिशात ठेवा. कारण चोरी होते ती फोनचीच.

रेक्टर सर आणि मॅडम, तुमच्यासाठी

मुलांच्या हॉस्टेलवर रजिस्टरमध्ये 'मुंबई, दोन दिवस' एवढं लिहिलं की झालं. मुलींच्या हॉस्टेलवर वडिलांचं पत्र, लोकल गार्डियनची सही, आणि एवढं करून "ग्रुपमध्ये मुलगे आहेत का?" या प्रश्नावर अर्ज परत. मॅडमची काळजी खोटी नाही, हे मला चार वर्षांत कळलंय. रात्री आमच्यातली कुणी आजारी पडली तर दवाखान्यात बसून राहणाऱ्याही त्याच असतात. पण या पद्धतीने नेमकं काय होतं, ते सांगायला हवं.

आमच्या विंगमधली एक मुलगी मावशीकडे जाते म्हणून चिठ्ठी देऊन सहलीला गेली होती. दोन दिवस ती कुठे आहे हे घरच्यांना माहीत नव्हतं, हॉस्टेलला माहीत नव्हतं आणि मावशीला तर नव्हतंच. ती सुखरूप आली. पण तिला काही झालं असतं तर शोध कुठून सुरू करणार होतो? बंदीने सहल थांबत नाही मॅडम, फक्त पत्ता खोटा होतो. आणि खोटा पत्ता हा सगळ्यात मोठा धोका.

म्हणून माझी सूचना अशी : दोन्ही हॉस्टेलना एकच फॉर्म ठेवावा. त्यात सगळ्यांची नावं, रक्तगट, गाडीचा पीएनआर, लॉजचं नाव-पत्ता-फोन, दोन जबाबदार मुलांचे नंबर, रोज रात्री नऊला एक फोन किंवा मेसेज, आणि घरच्यांशी रेक्टरांचं प्रत्यक्ष बोलणं. ज्या ग्रुपला हा कागद भरता आला त्याला परवानगी, मग तो मुलांचा असो की मुलींचा की दोघांचा. ज्याला भरता आला नाही त्याला नाही, मग तो फायनल इयरचा टॉपर का असेना! आम्ही आठजणांनी असा कागद स्वतःहून करून दिला. मॅडमनी तो दोनदा वाचला, लॉजला स्वतः फोन लावला, आमच्या घरी फोन केले आणि सही केली. रात्री नऊचा मेसेज पाच मिनिटं उशिरा गेला तर त्यांचाच फोन आला. मला तो फोन आवडला. तो पहारा वाटला नाही.

मुंबईत माटुंगा हे मध्य रेल्वेचं स्टेशन आहे. २०१७ पासून तिथला सगळा कारभार महिला कर्मचाऱ्यांच्या हाती दिला गेला : स्टेशन मॅनेजर, बुकिंग, तिकीट तपासनीस, पोलीस, सगळ्या महिला. आम्ही इडली खाऊन तिथल्या प्लॅटफॉर्मवर उभ्या होतो तेव्हा माझी रूममेट म्हणाली, "ह्यांना नाइट ड्युटी असते, आणि आपल्याला साडेसातला गेट बंद!" आम्ही हसलो, पण वाक्य डोक्यात राहिलं. उद्या याच मुलींना साइटवर, प्लँटवर, परगावी एकटीने राहायचं आहे. इंटरव्ह्यूसाठी पहाटे अनोळखी स्टेशनवर उतरायचं आहे. ते शिकायचं कुठे? मित्रमैत्रिणींच्या सोबतीने, पूर्ण पत्ता देऊन केलेल्या दोन दिवसांच्या सहलीइतकी चांगली लॅब दुसरी नाही. आणि या लॅबला जर्नलही लिहावं लागत नाही!

मुलांनाही एक सांगणं आहे. ग्रुपमध्ये मुली असल्या की "आता आमच्यावर जबाबदारी" असं म्हणून छाती काढू नका. जबाबदारी आठहीजणांची. आमच्या सहलीत नकाशा एका मुलीकडे होता, पैसे दुसरीकडे, आणि औषधांची पिशवी एका मुलाकडे. ज्याला जे जमतं ते त्याच्याकडे.

पुढच्या सेमिस्टरला मेसमध्ये कुणी पिल्लू सोडलं तर "हो" म्हणायच्या आधी आठ कोऱ्या चिठ्ठ्या मागवा. मग वार ठरवा, मग राहायची जागा, मग रेक्टरांचा कागद. एवढं झाल्यावर कुठे फिरायचं ते टेरेसवर रात्रभर भांडून ठरवलं तरी चालेल. आणि जो असाइनमेंटचं कारण सांगतोय त्याच्या खोलीवर जाऊन एकदा शांतपणे विचारा. असाइनमेंट बहुतेक पूर्ण झालेली असते.

बघा, पटतंय का!